माझ्या चेनला जवसाचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी रेसिंग सायकल आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझा रंग थोडा उडालाय, हँडलवरची पट्टी बदललेली आहे, पण धावायचं म्हणाल तर अख्ख्या मनीषनगरात माझा हात धरणारं कोणी नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. हलक्या नळ्या जोडून माझा सांगाडा बनला, बारीक टायर चढले आणि मी खोक्यात बसून नागपूरला आले. माझे पहिले मालक धम्मदीप सर कॉलेजात शिकवायचे. ते सकाळी सकाळी मला घेऊन रामटेकच्या रस्त्याला लागायचे. दोन्ही बाजूंना धानाची शेतं आणि मधून आम्ही दोघं सुसाट. टपरीवर चहाला थांबलो की माणसं जमायची, मला एका हाताने उचलून बघायची आणि म्हणायची, "काय हलकी आहे ना बे!" असं कौतुक ऐकायला कोणाला आवडणार नाही?

पुढे सरांचे गुडघे दुखायला लागले आणि मी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात उभी राहिले. टायर बसले, ब्रेकच्या तारा गंजल्या. कबुतरांनी माझ्या सीटचं काय केलं ते सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. वाईट दिवस होते ते. रडले नाही, पण वाईट वाटायचं.

मग एक दिवस सर आपल्या एका विद्यार्थिनीला घेऊन खाली आले. तिचं नाव भूमिका. सर म्हणाले, "चालवशील का हिले? माह्याकडे नुसती पडून आहे." भूमिकाने ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली आणि खालचा रंग दिसल्यावर ती अशी हसली की मी त्याच क्षणी तिची झाले.

भूमिकाच्या घरी तिघं जण. वडील रुपराव, आई प्रेमिला आणि ती. मला बाल्कनीत जागा मिळाली, ऊन-वारा भरपूर. भूमिका माझी काळजी नीट घ्यायची. चेन कोरड्या फडक्याने पुसायची, सायकलचं खास तेल थेंब थेंब सोडायची आणि जास्तीचं पुसून टाकायची. तिला जिल्ह्याच्या संघात जायचं होतं. त्याची निवड चाचणी नोव्हेंबरात कळमेश्वरच्या रस्त्यावर होणार होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आता गोष्ट बिघडली कुठे ते ऐका.

दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे गाड्या, अवजारं, सगळ्यांची पूजा होते. प्रेमिलाताईंनी रुपरावांची स्कूटर पुजली, शिलाई मशीन पुजली आणि मग माझ्याकडे आल्या. मला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी कधी नाही ते लाजले. त्यांच्या माहेरी दसऱ्याला बैलबंडीच्या चाकापासून विळ्यापर्यंत सगळ्या लोखंडाला तेलाचं बोट लागायचं. तोच रिवाज त्यांनी पाळला. स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली आणली, माहेरच्या तेलघाण्याचं, घरचं शुद्ध तेल, आणि माझ्या चेनवर चांगली धार धरली. म्हणाल्या, "घे वं माय. माह्या पोरीले सांभाळजो."

मित्रांनो, जवसाचं तेल चटणीवर घ्या, भाकरीसोबत खा, त्याच्यासारखी चव नाही. पण ते उघड्यावर राहिलं की वाळतं आणि चिकट होतं. बाल्कनीतल्या उन्हात तर विचारूच नका. चार-सहा दिवसांत माझ्या चेनच्या कड्या एकमेकींना धरून बसल्या आणि त्यातली एक तर पारच अखडली. मागच्या गिअरच्या छोट्या चाकांवरून जाताना ती वाकेना. मग मी ओरडायला लागले. कट्... कट्...

आम्हा सायकलींना दुसरी भाषा नाही हो. काही दुखलं की आवाज करायचा, एवढंच आमच्या हातात. भूमिका ऐकायची, घाईत चेन वरवर पुसायची, आपलं खास तेल घालायची आणि कॉलेजला जायची. तिची पाठ वळली की प्रेमिलाताई यायच्या. "काहून कुरकुर करून राहिली वं? तेल कमी पडलं का?" असं म्हणून पुन्हा जवसाची धार! मी जितकी ओरडायची, तितकं तेल जास्त. मनातून मी म्हणायची, अहो बाई, पाया पडते, पुरे करा. पण ऐकतंय कोण?

बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. रुपरावांनी माझी सीट घट्ट आवळली. भूमिकासोबत सराव करणारा विक्रम म्हणाला, "पायडलच्या मधातली बेअरिंग गेली. लिहून घे माह्याकडून." ती बदलली, आवाज तसाच. गिअरची तार ताणली, आवाज तसाच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार चालला होता.

आणि मग चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी व्हायचं ते झालं. उड्डाणपुलाचा चढ होता. भूमिका सीटवरून उठली आणि तिने पायडलवर सगळा जोर टाकला. नेमकी तेव्हाच ती अखडलेली कडी मागच्या चकतीच्या दातांवर आली आणि चेन सटकली. पोर कोपरावर आपटली. रक्त आलं. माझ्यावरून माझी मुलगी पडली, मित्रांनो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुपराव चिडले. "अशा सायकलवर रेस नाही करायची! हात-पाय तोडून घेतं का?"

"बाबा, यंदाच शेवटचा चान्स आहे ना!"

"तं मंग उद्या संध्याकाळपर्यंत हिचा आवाज बंद झाला पाह्यजे. नाही झाला तं परवा घरी बसायचं. विषय संपला."

शनिवारी दुपारी भूमिकाने मला बाल्कनीत उलटं उभं केलं. या खेपेला तिने कोणाचं ऐकलं नाही, पाना उचलला नाही, की काही आवळलं नाही. नुसती बसली आणि एका हाताने पायडल हळूहळू फिरवत राहिली, डोळे मिटून. तेव्हा तिच्या लक्षात आलं. आवाज पायडलच्या चालीत येत नव्हता. पायडल फिरून जायचं, आणखी फिरायचं, मग एकदा कट्. चाकाच्या चालीतही तो नव्हता. "म्हणजे पायडलात काही नाही, चाकात काही नाही," ती पुटपुटली. "पूर्ण चेन फिरली की एकदा वाजते. चेनमध्येच आहे!" मी आनंदाने जोरात वाजले.

तिने पायडल उलटं फिरवलं आणि एकेक कडी छोट्या चाकांवरून जाताना पाहिली. सगळ्या वाकून गेल्या, एक मात्र ताठच्या ताठ उडी मारून गेली. भूमिकाने ती बोटांत धरली. बोटं चिकटली. तिने वास घेतला आणि चक्रावली. तिच्या घरातल्या चटणीचा वास!

"आई! हिच्यावर जवसाचं तेल कोणी टाकलं?"

प्रेमिलाताई पदराला हात पुसत आल्या. "मीच टाकते ना. दसऱ्यापासून टाकून राहिली. कुरकुर करते बिचारी, म्हणून."

"अवं आई, त्यानंच तं कुरकुर करते! ते तेल वाळते. सारी चेन चिकटली पाहा. म्हणून तं सटकली काल."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. प्रेमिलाताई भूमिकाच्या कोपराच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे तुले मीच पाडलं का वं?"

काय सांगू तुम्हाला! मला त्या घडीला वाचा असती तर मी पहिलं वाक्य त्या माउलीसाठी बोलले असते. भूमिका उठली आणि तिने आईला मिठी मारली. "तू कायले पाडशील? मी तुले कधी सांगितलंच नाही हिले काय लागते ते. ये, बस. चेन धुवायची आहे."

मग दोघी कामाला लागल्या. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवली. प्रेमिलाताईंनी जुन्या ब्रशने एकेक कडी घासली, भांडी घासतात तशी, चिकटपणा जाईपर्यंत. भूमिकाने अखडलेली कडी डावी-उजवीकडे हलवून हलवून मोकळी केली. गिअरची छोटी चाकं खरवडून काढली. सगळं कोरडं झाल्यावर कडीकडीवर खास तेलाचा एकेक थेंब पडला. रुपराव येऊन उभे राहिले. भूमिकाने पायडल फिरवलं. मी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.

"जा उद्या," रुपराव म्हणाले.

रविवारी कळमेश्वरच्या रस्त्यावर आम्ही निघालो. शेवटच्या चढाला भूमिका सीटवरून उठायला क्षणभर घाबरली. तिच्या पायांतून मला ते कळलं. मग ती उठली आणि सगळा जोर माझ्यावर टाकला. मी तिचा एक कणही जोर वाया जाऊ दिला नाही. एकेक जण मागे पडत गेला.

शेवटच्या रेषेजवळ प्रेमिलाताई डोळे गच्च मिटून उभ्या होत्या, नुसते कान देऊन. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो तरी त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "आली का वं माही पोरगी? आवाज नाही आला."

"अवं ताई, गेली ना ते पुढच्या पोरींमधी! निवडीत आहे तुमची पोरगी!"

त्यांनी डोळे उघडले. हसल्याही आणि रडल्याही. मग धापा टाकणाऱ्या भूमिकाजवळ आल्या. हात माझ्या चेनकडे गेला आणि मधेच थांबला.

"हिले काय लागते वं आता?" त्यांनी विचारलं.

भूमिकाने त्यांच्या हातात एक कोरडं फडकं दिलं.

मित्रांनो, माया करा, भरभरून करा. आम्हा मुक्यांना तिची फार गरज असते. फक्त हात लावण्याआधी एवढं एकदा विचारा.