रजईतला आत्मा

फुंकरबाबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी लोळ्याच्या कानात फुंकर मारली. महिन्यापूर्वी अंग ओरबाडून रक्त काढणारा हा कुत्रा, बाबांकडे राहायला आल्यापासून चक्क निवांत जांभया देत होता.

"खाज पळाली!" गर्दी ओरडली. लोळ्याच्या मालकांचे, म्हाताऱ्या घड्याळजींचे, डोळे भरून आले.

पण घरी नेल्यावर थोड्याच दिवसांत लोळ्या पुन्हा पोट खाजवू लागला.

घड्याळजी पुन्हा बाबांकडे धावले. बाबांनी डोळे मिटले. "घरात बाई आहे. गेलेली. तीच कुरतडतेय त्याला. तुमच्याकडून तिचं काहीतरी राहून गेलंय."

घड्याळजींना बायकोची शेवटची संध्याकाळ आठवली. आजारी बायकोने त्या संध्याकाळी हाक मारली होती, "जरा येऊन बसा ना." "आलोच, एवढी कमान बसवतो," म्हणत ते गिऱ्हाइकाच्या घड्याळात डोकं घालून बसले. उठले तेव्हा उशीर झाला होता.

"कुत्रा मला देऊन टाका. त्याला पुन्हा त्या घराचं तोंड दाखवू नका," बाबा म्हणाले. चमत्काराचा चालताबोलता पुरावा त्यांना दारात हवाच होता.

घड्याळजींनी लोळ्याला बाबांकडे नेऊन सोडलं. एकटं वाटू नये म्हणून तो झोपायचा ती रजईही दिली. रजई बायकोची. तिचा वास जाईल म्हणून ती गेल्यापासून न धुतलेली, न झटकलेली.

पुढे भाची भेटायला आली. ती जनावरांची डॉक्टर. सगळं ऐकून तिने मामांना तडक बाबांकडे नेलं. रजईवर बसून लोळ्या भर गर्दीत पंजा चावत होता.

"आत्मा पाठोपाठ आला!" बाबा गरजले.

"आत्मा कसला, रजई आली!" भाचीने रजई झटकली. पुढच्या रांगेत शिंकांचा धडाका उडाला. "धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. काही कुत्र्यांच्या कातडीला ते सोसत नाहीत. आधी इथे तो रोज पुसलेल्या फरशीवर झोपला, म्हणून खाज थांबली. घरी रजई, खाज सुरू. आता रजई इथे, खाजही इथे. काय बाबा, फुंकर रजईपुढे हरली?"

"पण बायकोचं यांनी ओळखलं कसं?" घड्याळजी पुटपुटले.

"मामा, एकटा राहणारा म्हातारा दिसला की बायको गेलेली असणार, हे कुणालाही सुचेल. आणि ज्याचं माणूस गेलंय त्याचं काही ना काही राहिलेलंच असतं. ते सांगायला दिव्यदृष्टी कशाला?"

लोळ्याला आणि रजईला घेऊन ते घरी आले. "अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. उरलेल्या खाजेवर मी औषध देते," भाचीने सांगितलं. घड्याळजी मात्र रजई उराशी धरून बसले.

"तिने बोलावलं, आणि मी गेलो नाही गं."

"नाही गेलात. चुकलंच ते. पण त्याची शिक्षा लोळ्याला कशाला?"

घड्याळजींनी रजईत एकदा तोंड खुपसलं, आणि ती कढत पाण्यात सोडली.

मुलांनो, मनातली टोचणी खरी असते; तिच्यावर दुकान थाटणारा खोटा असतो. गुण आला की कुणाच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: फुंकरीखेरीज आणखी काय बदललं होतं?