रंगुबाई रिबेका होत नाही

आमच्या कुपवाडच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तर नाव बदलायचं, अशी रीत. बायबलमधलं एखादं घ्यायचं, जुनं सोडायचं. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती मोडायची कुणाची छाती होत नाही. ती राखणाऱ्या ज्येष्ठांचं नाव चिंतामण. माझं शकुंतला. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती ना, आम्हाला सगळं चालतं.

रंगुबाई जत तालुक्यातली. जन्म मेंढरांमागं गेला. मालक वारल्यावर ती लेकाकडं, सूरजकडं, राहायला आली. तो इथं एका कारखान्यात लेथवर आहे. साठीत तिला अक्षरं शिकवली ती मी. मी तरी कोण, सातवी नापास. भाकरी भाजता भाजता मिळेल ते पुस्तक वाचून शहाणी झालेली. वर्षभर आम्ही दोघींनी बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ.

बाप्तिस्म्याच्या आधी परीक्षा होते. चिंतामणकाका गेली तीस वर्षं त्याच पत्रातला, दोन प्रेषितांवरचा, एकच प्रश्न विचारतात.

"पेत्र यहूद्यांकडं गेला, पौल इतर लोकांकडं. दोघांनी सांगितलेली येशूची सुवार्ता एक की दोन?"

सगळे 'एक' म्हणतात, काका मान हलवतात, चहा येतो.

"एकच की," रंगुबाई म्हणाली. "कळप लय वाढला की आमीबी दोन वाटंनी न्हेतो. एक भाऊ घाटाकडं, एक नदीकडं. म्हणून मेंढरांचा धनी बदलतोय व्हय?"

"वा! मग तुमचं नाव रिबेका ठरलंय."

"मला हाय की नाव."

काकांनी सूरजनं भरलेला अर्ज पुढं धरला. "रंगुबाई बिरदेव कोळेकर. बिरदेव म्हणजे तुमचा जुना देव. कसं चालेल?"

येताना रिक्षात मीच तिला सांगितलं होतं, "हो म्हणून टाक, कागदापुरतं तर असतं." आता मी बशीतल्या बिस्किटाकडं बघत बसले.

"आवं काका," ती म्हणाली, "पौलानं तीताला यरुशलेमला न्हेलं. ग्रीक माणूस. पेत्र तितं, याकोब तितं, समदी थोर माणसं. कुणी म्हणलं का, आधी सुंता कर, यहूदी हो, मग ये? न्हाई. पौलाच्या हातात हात दिला त्येंनी. आन तुमी म्हणताय आधी रिबेका हो. मग तुमच्यापाशी दोन सुवार्ता झाल्या की. एक चिंतामणला, एक रंगुबाईला."

आमचे तरुण पाळक सुमंत यांना एकाएकी खोकला आला.

"माझं नाव आजोबांनी ठेवलं," काका फणकारले.

"आन त्येंचं वो?"

काकांनी अर्ज खाली ठेवला. "नाथाजी."

"बाप्तिस्म्याच्या आधी का मागनं?"

"आधीही. नंतरही." आता त्यांचा आवाज उतरला. "म्हणायचे, येशूनं हाक मारली ती नाथाजी म्हणून. ओ दुसऱ्या नावानं कशी देऊ?"

मग काकांनी मंडळीचं रजिस्टर ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा. इथं ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं असतं."

रंगुबाईनं पदर सारखा केला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मालकाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती लाजून पळायची, हे तिनंच मला सांगितलेलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग आख्ख्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रंगुबाई बिरदेव कोळेकर."

काकांनी लिहिलं. सावकाश, वळणदार.

धडा मीच शिकवलेला. ऐन वेळी तोंड मिटून बसलेही मीच. तरी अशी काही ताठ बसले की पाळकांनी वाकून हळूच विचारलं, "शकुंतलाबाई, पाठ धरली का?"

"न्हाई वो," मी म्हणाले, "माझी विद्यार्थीण हाय ती."