खुर्चीशेजारचं लाल बटण

रबरी चपलांच्या त्या कारखान्यात दोन जाड रूळ आतल्या बाजूला फिरत आणि कामगार त्यांच्यामधे रबर सारत असे. यंत्र थांबवायचं लाल बटण पूर्वी रुळापाशीच होतं. पण कामगार पाणी प्यायलासुद्धा यंत्र थांबवतात, हे ध्यानात आल्यावर मालकांनी ते सुपरवायझरच्या खुर्चीशेजारी, सुरक्षित जागी हलवलं. बटण सुरक्षित राहिलं.

नेहमीसारख्याच एका सकाळी, तिथे कामाला असलेल्या, दोघा भावांतल्या थोरल्याचा हातमोजा रबराला चिकटला. मोज्यामागून हात गेला, हातामागून माणूस. तो ओरडला, तेव्हा खुर्ची रिकामी होती; सुपरवायझर चहाला गेला होता.

चौकशीत थोरल्याचा निष्काळजीपणा आढळला. रुळाजवळ, अगदी हाताशी, पाटी लागली : 'लक्ष देऊन काम करा.' बटण होतं तिथेच राहिलं.

गेलेल्याची जागा घरच्यालाच द्यायची, असा तिथला रिवाज. याला सगळे मालकांचं मोठं मन म्हणत. घरातलं रडणं ओसरल्यावर धाकट्याला बोलावणं आलं.

"दादाची जागा आहे, नाही म्हणू नकोस," आई म्हणाली. "चूल कशावर पेटायची?"

थोरल्याची बायको भाजी निवडत होती. "जागा तीच. यंत्रही तेच ना?"

"वहिनी, मी सांभाळून करीन."

"तेही सांभाळूनच करायचे. चहाचा कपसुद्धा दोनदा विसळायचे."

सासू निवडलेली भाजी उचलून आत गेली.

सकाळी वहिनी धाकट्याबरोबर कारखान्यात गेली आणि सरळ सुपरवायझरच्या खुर्चीत बसली.

तो कसनुसं हसला. "ताई, ही माझी जागा."

"हो. त्या दिवशीही तुमचीच होती."

"अहो, इथे बसून काय करणार तुम्ही?"

"बटण रुळापाशी न्या, लगेच उठते. तोवर तो यंत्राला हात लावणार नाही."

"मालकांना विचारावं लागेल."

"विचारा की. मला कुठे घाई आहे?"

धाकट्यानं हातमोजे काढून खिशात घातले. मालक आले, रिवाजाबद्दल, उपकारांबद्दल बोलले, घड्याळ बघून गेले. रूळ थांबलेलेच होते.

दुपारी सासू आली. आता ही सुनेला दंडाला धरून उठवणार, म्हणून सुपरवायझरला हायसं वाटलं. तिनं डबा सुनेच्या मांडीवर ठेवला आणि पदर खोचून खुर्चीला खेटून जमिनीवर बसली.

"तू जेवून घे," ती म्हणाली. "बटणाकडे मी बघते."