टेबलाखालून पाहिलेली घार

मी एक जुनी काठी आहे. टेकत चालायची नव्हे आणि कोणाच्या पाठीत घालायचीही नव्हे. मित्रांनो, पूल नावाचा खेळ तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. कापड ताणून बसवलेलं मोठं टेबल, कडेला सहा खिसे, वर नंबर घातलेले रंगीत चेंडू, आणि पांढऱ्या चेंडूला मारायचा तो लांब, निमुळता क्यू. पांढरा चेंडू पार टेबलाच्या मध्यावर जाऊन बसला आणि खेळणाऱ्याचा हात तिथवर पोचेना, की क्यूचं टोक टेकवायला काहीतरी आधार लागतो. तो आधार म्हणजे मी. माझ्या टोकाला खाचा पाडलेलं पितळी डोकं आहे. सगळे मला रेस्ट म्हणतात. नावात एवढा आराम, पण जिवाला मेला तो कधी मिळाला नाही. मुळात माझा स्वभावच चुळबुळा.

सुताराने मला लेथवर चढवलं तेव्हा माझा क्यू व्हायचा होता. निम्मं काम झालं आणि लाकडात गाठ निघाली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हिचा नेम लागायचा नाही. रेस्ट करून टाकू." बोहल्यावर चढलेल्या मुलीचं लग्न मोडावं तसं माझं झालं. मग एका क्लबात टेबलाच्या पोटाखाली दोन आकड्यांवर मला आडवं टांगलं, ती मी अजून तिथेच आहे.

तिथून टेबलावरचं काही दिसत नाही. दिसतात ते फक्त पाय. चेंडूंच्या आवाजावरून आणि पायांच्या हालचालींवरून मी डाव ओळखायला शिकले. जिंकत आलेल्याची टाच हलकी होते. हरणारा एका जागी खिळतो. आणि ज्याने गुपचूप नियम मोडलेला असतो, तो हटकून एका पायाने दुसरा पाय खाजवतो.

काम म्हणाल तर नावाला. क्लबात माझं टोपणनाव 'म्हातारीची काठी'. कोणी रेस्ट मागितली की मागच्या बाकावरून एकजण तरी मुद्दाम खोकायचाच. म्हणून लोक टेबलावर पोटावर लोळायचे, उलट्या हाताने खेळायचे, पण खाली हात घालायचे नाहीत. मालक मात्र मला वापरायचे. कपाटाखाली गेलेला खडू काढायला, पंख्यावरची जळमटं झाडायला, आणि एकदा तर न्हाणीघरातली पाल हाकलायला. पाल गेली की पुन्हा टांगलं. गरज सरो, वैद्य मरो.

याच क्लबात ती खेळायची. खेळणं हाच तिचा व्यवसाय होता. गावोगावच्या स्पर्धा करून आली की सराव इथे. तिला सगळे घार म्हणायचे. दूरचा चेंडू आला की ती दोन्ही हात पसरून टेबलावर झेपावायची. एक पाय मागे हवेत, दुसऱ्याचा अंगठा तेवढा जमिनीला. एक पाय जमिनीला टेकलेला हवा, असा खेळाचा नियमच आहे. तो नियम ती अंगठ्याच्या नखाएवढा पाळायची. लोक खेळापेक्षा ती झेप बघायला यायचे. मला तिने कधी बोटही लावलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

एका सामन्यात तिचा पाय असाच वर गेला आणि खाली आलाच नाही. जमिनीवरचा अंगठा थरथरायला लागला. मग तिचा आवाज आला, अगदी हळू, "मला उठता येत नाहीये." चौघांनी मिळून गादी उचलावी तशी तिला उचलली. मी तिच्या पोटाच्या बरोबर खाली टांगलेली होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

त्यानंतर ती कित्येक वर्षं आली नाही. पाठीची शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली म्हणून पुन्हा झाली, थोरल्या बहिणीने तिला आपल्या घरी नेलं, एवढं बोलण्यातून कानावर आलं. टेबलाचं कापड बदललं. माझ्या अंगावर बोटभर धूळ साचली. वर चेंडू वाजले की मी पायांत तिचे पाय शोधायची आणि नाही सापडले की आणखीच अस्वस्थ व्हायची.

मग एका सकाळी पायांच्या दोन जोड्या आत आल्या. एक पुढे, एक अगदी तिला चिकटून मागे. पुढचे बूट रुंद, जाड तळाचे, चिकटपट्टीचे. असले बूट घालून क्लबात कोणी येत नाही. पण उजव्या बुटाची टाच उभ्या उभ्या सारखी उचलली जात होती. ती खोड एकाच बाईची.

"अहो घारबाई!" मालक ओरडले. "उतरलात का एकदाच्या?"

"उतरले कुठली, पाडलं मला. टेबल मोकळं आहे ना?"

"टेबल असेल मोकळं," मागची जोडी म्हणाली. ती थोरली बहीण. "हिची पाठ नाही मोकळी. सगळ्यांनी ऐकून ठेवा. दोन्ही पाय जमिनीवर आहेत तोवर खेळ. एक पाय उचललेला दिसला की त्याच पावली घरी. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा तसा ताण बसला तर खेळ राहू दे, ही उभीसुद्धा राहणार नाही. रात्र-रात्र उठून कुशीवर वळवलंय मी हिला. आता माझ्याही मनगटात जोर राहिला नाही."

"संपलं का तुझं पुराण, ताई?"

"संपलं. खेळ तू."

बहीण बाकावर बसली आणि तिने पिशवीतून विणकाम काढलं. त्या दिवसापासून ती रोज यायची. हात सुयांवर आणि डोळे घारीच्या पायांवर. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

आणि घारीचा खेळ? काय सांगू! अर्ध्या टेबलाचा झाला होता. जवळचा चेंडू ती अजून डोळे मिटून घालायची, पण दूरचा आला की नुसता ढकलून द्यायची आणि समोरच्याला आयता डाव मिळायचा. रविवारी हौसेने खेळणारा एक दंतवैद्य तिला हरवून गेला आणि पुढे आठवडाभर आ वासून बसलेल्या रोग्यांना तेच ऐकवत बसला. घार टेबलाभोवती फेऱ्या मारायची, थांबायची, पुन्हा फिरायची. वर ती आणि खाली मी, दोघी सारख्याच तळमळत होतो.

एकदा मालक म्हणाले, "खाली रेस्ट आहे की."

"ती म्हाताऱ्यांसाठी."

"मग आपण काय, शाळेत जातो?"

सगळे हसले. ती हसली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

अशात आमच्याच क्लबात मोठी स्पर्धा ठरली आणि जुन्या नावाला मान देऊन तिला त्यात जागा मिळाली. त्या संध्याकाळी तिने बहिणीला सांगितलेलं मी ऐकलं. "पहिल्याच फेरीत पडले तर क्यू कोणालातरी देऊन टाकते. पुन्हा इकडे फिरकणार नाही." बहिणीने "बरं" म्हटलं, पण तिच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. खेळली तर पाठीची भीती आणि सोडलं तर ही आतून मोडणार, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लब रिकामा होता. बहीण चहा सांगायला बाहेर गेली आणि टेबलाखाली एक हात आला. त्याने चाचपडत मला धरलं. मित्रांनो, त्या हाताची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि तो आला तर मला आनंद होईना. हिला माझी गरज पडली, म्हणजे काय झालंय ते मला कळत होतं. मला रडूच आलं, काठीला येतं तेवढं.

पहिले काही दिवस आमचं मुळीच जमलं नाही. ती मला हवेत उचलून धरायची. सगळं आपल्या हातात ठेवायची सवय, दुसरं काय! मी डुगडुगायची, माझं डोकं चेंडूंवर आपटायचं. रेस्ट चेंडूला नुसती लागली तरी चूक धरतात आणि डाव समोरच्याकडे जातो. "मेली एका जागी राहत नाही!" ती मला शिव्या द्यायची. मी कशी राहणार? धरणारा हातच अधांतरी. दार जरा करकरलं की ती मला घाईघाईने खाली सारायची, चोरीचा माल लपवावा तशी.

मग एका सकाळी तिचा हात दमला. तिने मला तशीच टेबलावर आडवी टाकली, डाव्या तळव्याने माझं शेपूट कापडावर दाबून ठेवलं आणि उजवा कोपर बाजूला काढून वैतागून क्यू मारला. चेंडू सरळ खिशात गेला. पुन्हा चेंडू मांडला, पुन्हा मला आडवी ठेवली, पुन्हा मारला. मी पहिल्यांदाच कशावर तरी टेकले होते आणि माझ्यावर कोणीतरी टेकलं होतं. बहीण चहा घेऊन कधी आली आणि दारातच कधी थांबली, ते घारीला कळलं नाही. बहिणीनेही कळू दिलं नाही.

सामन्याच्या दिवशी खोली गच्च भरली. समोर एक उंच तरणी मुलगी होती, तिचे पाय टेबलाच्या पायांपेक्षा लांब. घारीने जवळचे चेंडू घातले, मुलीने दूरचे. दूरचा आला की घार अजूनही ढकलून देत होती. माझ्याकडे तिने हात केला नाही. मालकांचे पाय येरझाऱ्या घालत होते. बरोबरी होत होत शेवटचा डाव आला आणि त्यातही शेवटचा, नऊ नंबरचा चेंडू तेवढा उरला. तो जो घालेल तो जिंकला. पाळी घारीची होती. नऊ नंबर पलीकडच्या कोपऱ्यात आणि पांढरा चेंडू नेमका टेबलाच्या मध्यावर.

"घार, झेप!" मागून कोणीतरी ओरडलं. मग टाळ्या सुरू झाल्या, एका लयीत. याच झेपेसाठी लोक आले होते.

तिचं पोट टेबलाच्या कडेला टेकलं. उजवी टाच उचलली गेली. मग चवडा. मग तो रुंद बूट जमिनीवरून सुटला. बाकापाशी विणकामाच्या सुया थांबल्या, पण बहीण एक शब्द बोलली नाही. मी आकड्यांवर अशी थरथरले की माझं पितळ वाजलं. माझ्यामुळे काही झालं असं मी म्हणणार नाही. तो बूट हवेत थोडा वेळ राहिला आणि सावकाश खाली आला. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले.

"पंच," ती म्हणाली, "रेस्ट घेते."

टाळ्या बंद पडल्या. मागच्या बाकावर एकजण खोकला. मग दुसरा.

घारीने मला बाहेर काढलं, उभं धरलं आणि मागे वळून म्हणाली, "खोकून घ्या निवांत. मी थांबते."

खोली हसली, आणि यावेळी ती तिच्या बाजूने हसली. मग तिने मला आडवी ठेवली आणि तळवा टेकला. घामाने तो ओला होता, पण हलत नव्हता. क्यू माझ्या खाचेतून पुढे गेला. पांढरा चेंडू नऊ नंबरला लागला, तो कडेला घासत गेला, खिशाच्या तोंडाशी जरा घुटमळला आणि आत पडला.

केवढा तो गलका! त्या गलक्यात बहीण शेजारच्या माणसाला विचारत होती, "काय झालं हो? जिंकली का ती?" तिने पायांवरून नजर काढलीच नव्हती.

पुढच्या फेरीत घार हरली, तेही लवकर. हे मी लपवणार नाही. त्या दिवशी तिने मला पुष्कळदा मागितलं आणि काही वेळा माझं डोकं चेंडूला लागलंसुद्धा. आम्हाला दोघींना अजून शिकायचं आहे. पण क्यू देऊन टाकायची गोष्ट तिने काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि पायांची एकच जोडी आत आली.

"ताई कुठे?" मालकांनी विचारलं.

"घरी. झोपलीय. म्हणाली, आता तू जा तुझी, मला जरा पोटभर झोपू दे."

मग तिने वाकण्याऐवजी दोन्ही गुडघे नीट टेकले, मला खालून काढलं, धूळ पुसली आणि खेळायला लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या काठ्या क्लबात असतात, तशा घराघरांतही असतात. काम झाल्यावर त्यांना कोपऱ्यात भिरकावू नका. आणि हात पोचत नसेल तर वेळेवर मागा. तुमच्या घरीही कोणीतरी तुमच्या पायांकडे बघत जागत बसलेलं असेल. त्याला झोप लागू द्या.