उघाडी

कुत्र्याने उकरायचं आणि मी बुजवायचं, गेला महिनाभर आमच्या परसदारी हाच खेळ चालला होता. माझ्या नाकी नऊ आले होते. परसाच्या कडेला बिल्डरने मारलेले पत्रे आहेत. पत्र्यापलीकडे टॉवर, अलीकडे आमचं बैठं घर, अळू आणि दोन केळी. टॉवरची जागा पूर्वी मिठागराची. माझ्या सासऱ्यांचा, आनंदाआबांचा, उभा जन्म तिथे गेला. आता डोंबिवलीत मीठ पिशवीतून येतं, आणि आबा सकाळी चहा घेतला की नाही तेही विसरतात.

एकच गोष्ट ते विसरत नाहीत, भुऱ्या. तो पायाशी बसला तरच घास घेतात, नाहीतर तोंड घट्ट मिटून घेतात. डॉक्टरांनीही हात टेकले. म्हणून हा कुत्रा मला घरात हवाच होता, आणि हाच मेला पत्र्याखालून पलीकडे जायचा.

तिकडचं एक पोर त्याला बघून पळालं, पडलं आणि कपाळाला टाके पडले. टॉवरचे सेक्रेटरी त्र्यंबकराव आमच्या दारात येऊन म्हणाले, "नयनताई, पुन्हा दिसला तर मी लोकांना आवरू शकणार नाही." मागच्या गल्लीतला काळा कुत्रा तोंडाला फेस येऊन मेला होता, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी विटा लावल्या. मिरचीपूड टाकली, तर मीच शिंकून बेजार झाले. कोंबड्यांची जाळी पुरली. सिमेंट ओतलं, तर शेजारी नवा खड्डा तयार. बांधून ठेवावं, तर आबा दोरी सोडायचे. बरं, वेळ तरी एक असावी! कधी नाश्त्याला, पुढे जेवणाला, मग चहाला. माझी पाठ वळली की काम फत्ते. भुऱ्याचे पाय चिखलाने भरलेले असत आणि त्याला कुरवाळून आबांची नखंही. मी आबांचे हात धुवायची आणि भुऱ्याला शिव्या घालायची.

मग एका सकाळी खड्ड्याच्या तोंडाशी मटणाचा तुकडा दिसला. त्यावर पांढरी पूड होती.

"नयन, इथं मरण्यापेक्षा लांब जगू दे त्याला," पंढरी, माझा नवरा, म्हणाला. "खडवलीला बायजामावशीकडे सोडून येतो."

मित्राचा टेम्पो आणून तो भुऱ्याला घेऊन गेला. मी पदराने डोळे पुसत घरात आले. संध्याकाळी आबांनी ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ढकललं. मी दूध आणायला गेले आणि परत येऊन बघते तर पत्र्याखाली ताजा खड्डा. आबा फावडं घेऊन उकिडवे बसले होते.

"आबा! काय करताय हे?"

मीच खुळी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भरती आयली, बाय. उघाडी नको उघडाला? आगरात पानी कसा येल?"

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार. भरती लागली की ते उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. भरती रोज थोडी उशिरा येते, आणि खड्डाही रोज थोडा उशिरा पडत होता! चहा विसरणारा माणूस भरती विसरला नव्हता. भुऱ्या बिचारा आयत्या वाटेने जात होता. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती.

लगेच मावशीला फोन लावला.

"अगं, मी तुलाच लावणार होते," ती रडायलाच लागली. "दोरी चावून पळाला गं तो. नदीपर्यंत जाऊन आलो, कुठंच नाय."

पंढरीने वागळे इस्टेटमधली ड्यूटी बुडवली. टिटवाळा, मोहने, कल्याण, सगळीकडे शोधत फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. आबांच्या पोटात अजून अन्नाचा कण नव्हता. मी सवयीने विटा उचलल्या, खड्डा बुजवायला वाकले आणि तशीच थांबले. पुढचं फाटक बंद असतं. भुऱ्याला आत यायला हीच वाट माहीत आहे. विटा खाली टाकल्या.

"भुऱ्या कया गेला?" आबांनी विचारलं.

"येतोय, आबा. भरतीबरोबर येतोय," मी म्हणाले.

आबांनी खड्ड्याकडे बघितलं, मान डोलावली आणि तोंड उघडलं. मी पटकन वरणभाताचा घास भरवला. त्यांनी तो गिळला.

आता भरतीची वेळ आबा सांगतात आणि फावडं मी चालवते. आधी पत्र्यापलीकडे कोणी काही टाकलंय का ते बघून येते. मग आबांना भरवते. भुऱ्या अजून आलेला नाही. तो अंगाने जरा भरलेला आहे, म्हणून खड्डा थोडा रुंदच ठेवते.