बाई, जरा सरका

“हळद आहे ही,” हरेश म्हणाला.

कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात तो छोटी बॅटरी धरून बघत होता. त्याच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरच्या अलीकडून दौलतनंही मान वाकडी करून बघितलं. जिथं धुळीचा कण चालत नाही तिथं पिवळं पीठ बसलं होतं.

“नवरीची हळद उतरवतात माहितीय. कॅमेऱ्याची कशी उतरवायची ते तूच सांग.”

दौलत हसला नाही. चूक त्याचीच होती. नारपोलीच्या हळदीत ऐन नाचात त्यानं लेन्स बदलायला कॅमेरा उघडला होता. आगऱ्यांच्या हळदीत हळद लावतात कमी आणि उधळतात जास्त, हे एकतीस वर्षं लग्नांचे फोटो काढणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण पट्टीचा पोहणाराच बुडतो. त्या लग्नाच्या पुढच्या सगळ्या फोटोंत नवऱ्याच्या कपाळावर ठिपके आले होते आणि नवऱ्याकडच्यांना ते देवीचे वण वाटत होते.

हरेशनं कॅमेरा बाजूला ठेवला आणि कपाटातून दोन डबे काढले. एकात मोठा कॅमेरा होता, दौलतच्या जुन्या लेन्सा त्याला बसणार होत्या. दुसरा तळहातावर मावेल एवढा. त्याची लेन्स निघत नव्हती, झूमही नव्हता. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

“हा उघडतच नाही. म्हणजे हळद आत जायचा प्रश्नच नाही,” हरेश लहान कॅमेऱ्यावर बोट टेकवून म्हणाला. “पण माणूस मोठा पायजे तर माणसाजवळ जावं लागेल. लांब उभं राहून खेचून घेता येणार नाही.”

“एवढासा कॅमेरा गल्यात घालून गेलो तर पावनं बोलतील, फोटोग्राफर कवा येनार हाय?”

“बोलतील. मग मोठा घे.”

दौलतनं मोठा उचलला, पुन्हा ठेवला. मग लहान उचलला. भिवंडीतल्या अर्ध्या फोटोग्राफरांची ही घालमेल हरेशनं पाहिली होती. पण ती धंद्याची असायची. दौलतचं तसं नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं, “तुला नक्की काढायचंय काय?”

“आयेला,” दौलत म्हणाला. “गाताना.”

दौलतची आई जानकीबाई टेमघरची धवलारीण. टेमघर, कोन आणि आसपासच्या कितीतरी मांडवांत लग्नाचे धवले त्यांनीच गायले होते. धवलारणीनं सूर धरल्याशिवाय हळद हलत नाही आणि नवरी उठत नाही. भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, धवलारीण उशिरा आली तर गाडी पाठवतात. आता वयाच्या शहात्तराव्या वर्षी जानकीबाईंच्या घशात गाठ निघाली होती. बुधवारी ऑपरेशन होतं. बोलणं कुजबुजण्याइतकं राहील, गाणं राहणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधीच्या रविवारी कोनला केसरीनाथच्या मुलीची, उन्नतीची हळद होती. ती त्यांची शेवटची.

“एक काम कर,” हरेश म्हणाला. “रविवारी दोन्ही घेऊन जा. सोमवारी जो नको असेल तो परत आण.”

शुक्रवारी दुपारी दौलत आणि त्याची बायको तुळजा जुने फोटो काढून बसले. आईचा गातानाचा एखादा तरी फोटो असेलच, अशी त्याची खात्री होती. एकतीस वर्षांत निदान दोनशे मांडवांत तो आणि त्या एकत्र होते. अल्बम झाले, निगेटिव्ह झाल्या, कॉम्प्युटरच्या दोन्ही हार्ड डिस्क झाल्या. तुळजाला पितळी ताटावर टेकलेला एक हात सापडला. मग नवरीच्या खांद्यामागून आलेला पदर. एका फोटोत अर्धा कान होता, त्यातली कुडी तिच्या ओळखीची होती.

“हात आईंचाच हाय,” ती म्हणाली. “तुमी कापलंय त्यांना.”

“कापलं न्हाय. बाजूला केलं.”

“म्हंजे तेच ना.”

धवलारीण नवरीच्या अगदी लगत बसते. नवरीचा फोटो स्वच्छ यावा म्हणून तो दर वेळी म्हणायचा, “बाई, जरा सरका.” आईला बाई म्हणायचा. पाव्हण्यांसमोर आये म्हटलं तर धंद्यात घर आणल्यासारखं दिसेल, असं त्याला तेव्हा वाटायचं. खरं तर विशी-पंचविशीत त्याला आईची लाज वाटायची. तो फ्लॅशचा कॅमेरा घेऊन शर्ट खोचून यायचा आणि आई नारळ नि लुगड्याच्या बिदागीवर गळा फाडायला बसलेली असायची. लाज पुढं गेली, सवय राहिली. जानकीबाई गाणं न थांबवता हातभर सरकायच्या. घरी येऊन त्यांनी कधी त्यावर शब्द काढला नाही.

शिवाय त्यांचं खरं गाणं सकाळचं, घाण्याच्या वेळचं. सुवासिनी उखळात हळकुंडं कुटतात तेव्हाचं. त्या वेळी फोटोग्राफर अंथरुणात असतो. त्याला बोलावतात संध्याकाळी, आणि संध्याकाळी डीजे असतो. नातेवाइकांच्या मोबाइलमध्येही नाचच होते.

रविवारी दौलत तुळजाला घेऊन सकाळी आठलाच कोनला पोचला. केसरीनाथनं त्याला बघून घड्याळ बघितलं. “काय रं, एवढ्या बेगीन?”

मांडवात उखळ पुजून ठेवलं होतं. मुसळाला आंब्याची पानं बांधली होती. पाच बायका उखळाभोवती, बाजूच्या पाटावर उन्नती, आणि तिच्या लगत जानकीबाई. त्यांच्या मागं हेमाली बसली होती. चाळिशीची, टेमघरचीच, दोन वर्षांपासून त्यांच्या मागून ओळ धरणारी. जानकीबाईंनी सूर लावला. तो आता पूर्वीसारखा नव्हता, कडेला फाटत होता. पण मुसळ त्यावर बरोबर पडू लागलं. तुळजानं मोबाइल पदराखाली धरून आवाज भरून घ्यायला सुरुवात केली.

दौलतनं पिशवीतून आधी लहान कॅमेरा काढला. चार पावलांवरून बघितलं तर आई खूप लहान दिसत होती. तो दोन पावलं पुढं गेला. जानकीबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला बघितलं आणि गाता गाता सरकल्या.

तो फिरून दुसऱ्या बाजूनं आला. त्या पुन्हा सरकल्या, इतक्या की हेमालीच्या मांडीला टेकल्या.

“आये, तू नको सरकू.”

जानकीबाई थांबल्या. मुसळही थांबलं. “मंग नवरी कशी येल फोटूत?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी मुलाच्या धंद्याची घेतलेली ती काळजी होती. दौलतनं कॅमेरा खाली घेतला. बायका त्याच्याकडं बघत होत्या, उन्नतीनं मान खाली घातली होती. सगळ्यांसमोर पाय धरावेत असं त्याला वाटलं आणि तेही जमणार नाही हेही कळलं.

“नवरीचं काडंन मी नंतर,” तो म्हणाला. “आज तुजा काडायचा हाय.”

“माजा कशाला?”

“काडायचा हाय.”

तेव्हा जानकीबाईंनी पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि तोंड मिटून घेतलं. फोटो म्हणजे असंच बसायचं. तोंड उघडं ठेवून कुणी फोटो काढून घेतं का? दौलत म्हणाला, “आये, गा ना.” त्या ओठ न हलवता म्हणाल्या, “काड तू आदी.” त्यानं एक काढला. त्या गायला लागल्या. तो पुन्हा पुढं झाला आणि त्यांनी पुन्हा तोंड मिटलं. तिसऱ्या वेळी केसरीनाथची म्हातारी बहीण म्हणाली, “हलद कुटायची हाय का न्हाय आज?”

तुळजा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मोठा हाय ना पिशवीत. त्या खांबाच्या मागनं काडा. त्यांना कलनार पन न्हाय.”

हे त्यालाही कळत होतं. मोठी लेन्स लावून वीस पावलं मागं गेला असता तर गळ्याच्या शिरांसकट आई मिळाली असती. तो खांबापर्यंत गेलासुद्धा. पिशवीची चेन उघडली. उखळाजवळ जानकीबाई गात होत्या आणि आता पोरगा लांब गेला म्हटल्यावर मोकळ्या बसल्या होत्या. नवरी कशी येल, हे त्याच्या कानातून जाईना. लांब उभं राहून आईकडं बघायची त्याला शरम वाटली. त्यानं चेन लावली आणि मांडवाच्या कडेला मांडी घालून घाणा संपेपर्यंत ऐकत बसला.

“येडे हाव का तुमी?” तुळजा रिक्षात म्हणाली.

“आसंन.”

सोमवारी त्यानं मोठा कॅमेरा हरेशच्या काउंटरवर ठेवला. हरेशनं लहानातला फोटो उघडला. जानकीबाई ताठ बसून सरळ समोर बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले.

“गाताना कुठंय?”

“गाताना न्हाय मिलला.”

“मोठ्यानं लांबून मिळाला असता रे.”

“लांबनं लय वर्सं काडले,” दौलत म्हणाला आणि लहान कॅमेऱ्याचं बिल करायला सांगितलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. जानकीबाई कुजबुजत बोलायच्या आणि समोरच्याला कळलं नाही तर हातानं दाखवायच्या. दौलतची तीन गिऱ्हाइकं त्या सीझनला गेली, कॅमेरा लहान दिसतो म्हणून. जी राहिली त्यांना तो सांगायचा, मी सकाळी घाण्याला येणार, त्याचे फोटो धरूनच काम घेतो. काही जण हसायचे, पण चहा द्यायचे.

मे महिन्यात टेमघरमध्येच शेजारच्या बाळारामच्या मेघालीची हळद होती. धवलारीण म्हणून हेमालीला बोलावलं होतं. जानकीबाईंना बोलवायचं कुणाच्या मनात नव्हतं असं नाही, पण काय म्हणून बोलवायचं हे कुणाला ठरवता आलं नव्हतं. त्या आपल्या आल्या आणि हेमालीच्या मागं बसल्या, जिथं पूर्वी हेमाली बसायची. उखळ पुजलं. हेमालीनं सूर लावला. जानकीबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, त्यातून फक्त श्वास येत होता.

दौलत गळ्यात कॅमेरा घालून चालत जवळ आला, अगदी दोन हातांवर. हेमालीनं त्याला बघितलं आणि गाता गाता नवरीसाठी जागा करून सरकायला लागली.

जानकीबाईंनी मागून तिचा कोपर धरला आणि तिला परत जागेवर ओढलं.