मुदतीच्या आधी

ताई कामावर निघताना दारात चपला घालता घालता रोज एकच प्रश्न विचारायची, "बारक्या, काही सांगायचंय?" येताना साबण आणायचा आहे का, डोकं दुखतंय का, उगाच कसली काळजी करत बसलायस का, हे सगळं त्या एका प्रश्नात यायचं. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि टक्कल पडायला आलं तरी तिच्या लेखी बारक्या काही मोठा झाला नव्हता. तो आतून ओरडायचा, "नाही गं!" मग दार लागायचं.

बारक्या घरात बसूनच काम करायचा. माणसं वेबसाइटचं नाव टाइप करतात, पण यंत्रांना कळतात फक्त आकडे. कुठल्या नावाचा आकडा कोणता, हे सांगायला मध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो. असा एक प्रोग्राम बारक्या आणि देशोदेशी विखुरलेले त्याचे चारपाच सोबती सांभाळायचे आणि जगाला फुकट वाटायचे. ताई रुग्णवाहिकांच्या केंद्रात फोन घ्यायची. तिथेही बारक्यानेच मागे लागून तो प्रोग्राम बसवायला लावला होता. "आमच्याकडे माझ्या भावाचं सॉफ्टवेअर चालतं," असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. त्या सॉफ्टवेअरने नेमकं काय होतं, हे मात्र तिला कुणी विचारू नये.

आणि एक दिवस कुण्या अनोळखी संशोधकाने त्यांना कळवलं, की तुमच्या प्रोग्राममध्ये खोट आहे. एक विशिष्ट वाकडा प्रश्न विचारला, की तो उत्तर शोधत स्वतःभोवतीच फिरत राहतो आणि शेवटी कोसळतो, मग त्याच्यावर विसंबलेलं काहीच उघडत नाही. पुन्हा उठवा, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा आडवा. चोरी नाही, मोडतोड नाही, नुसतं विचारून विचारून जीव घ्यायचा. बारक्याने करून पाहिलं. ज्याला भक्कम म्हणून इतकी वर्षं मिरवलं ते डोळ्यांदेखत आडवं झालं.

दुरुस्ती त्यानेच केली. पण या धंद्याची एक रीत आहे. दुरुस्ती झाली म्हणून दवंडी पिटायची नाही, कारण दुरुस्ती बघितली की भोक कुठे होतं ते चोरालाही कळतं. आधी ती हा प्रोग्राम वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना गुपचूप द्यायची, सगळ्यांनी मिळून जाहीर करायची तारीख ठरवायची, आणि तोवर तोंडाला कुलूप. घरच्यांनाही चकार शब्द सांगायचा नाही. रीत शहाणपणाची आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. बारक्याने शब्द दिला.

तारीख तोंडावर आली आणि एका बड्या कंपनीने आणखी आठवडा मागितला. सगळ्यांना विचारलं गेलं. बारक्याच्या डोळ्यांसमोर ताईचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याला नुसतं "एवढं एक बदलून टाक" म्हणावं, तर तो पठ्ठ्या कारण कळल्याशिवाय टेबलावरची बशीसुद्धा हलवायचा नाही, आणि कारण कळलं की जेवणाच्या सुट्टीत चौघांना सांगून मोकळा. शिवाय आठवडाच तर आहे, एवढ्यात काय आभाळ कोसळतंय? बारक्याने होकार कळवला.

"काही सांगायचंय?" दुसऱ्या दिवशी ताईने दारातून विचारलं.

"नाही गं."

त्या आठवड्यात तो हे रोज म्हणाला. आणि रोज दार लागलं की तो स्वतःला समजावायचा, की शब्द म्हणजे शब्द.

मुदत संपायच्या आधीच ते भोक आणखी कुणाला तरी सापडलं. भर दुपारी ठिकठिकाणचे प्रोग्राम पटापट आडवे व्हायला लागले. बारक्याने आणि सोबत्यांनी रीतभात गुंडाळून ठेवली आणि दुरुस्ती सगळ्यांना खुली केली. मग त्याने ताईच्या केंद्राला फोन लावला. फोन लागेना. लागणार कसा? गाड्या वेळेवर पोचेनात, म्हणून सगळं गाव तोच नंबर फिरवत होतं.

संध्याकाळी ताई आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. बारक्याने पाणी आणून दिलं. ते तिने हातातच धरून ठेवलं.

"एका बाईचा फोन होता," ती म्हणाली. "नवरा जिन्यात पडलेला, त्याला श्वास घेता येत नव्हता. माझा नकाशाच उघडेना रे. ड्रायव्हरच्या फोनवर पत्ता जाईना. मी म्हटलं, घराची खूण सांगा. तर म्हणे, निळं दार. अख्ख्या गल्लीला निळी दारं! मग मी म्हटलं, दारातला दिवा लावा."

"दुपारी?"

"मलाही नंतरच सुचलं. भर उन्हात दिवा कुणाला दिसणार? पण बिचारीने लावला. लावलाय, लावलाय, म्हणत राहिली. गाडी मागच्या गल्लीत फिरत होती. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवताना मला म्हणाली, तुम्हाला त्रास झाला."

बारक्या भिंतीला टेकला. ताईने डोळे पुसले आणि अगदी सहज विचारलं, "आमचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, तुझ्या सॉफ्टवेअरमध्येच भोक होतं. एवढं मोठं भोक, तुमच्यातल्या कुणालाच कसं आधी दिसलं नाही?"

तो खोटं बोलू शकला असता. तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

"मला माहीत होतं, ताई."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. दुरुस्तीही मीच केली होती. तारखेपर्यंत बोलायचं नाही, असा शब्द दिला होता."

"कुणाला?"

"सोबत्यांना. त्या कंपन्यांना."

"त्यांच्यातल्या कुणाचं तोंड तरी पाहिलंयस?"

बारक्याने मान हलवली. नाही.

"मी रोज विचारत होते तुला." ताईचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मला सांगितलं असतंस, तर?"

"तुमच्या माणसाने संध्याकाळपर्यंत बुजवलं असतं. पण बाहेर फुटलं असतं, तर अशी शंभर केंद्रं बंद पडली असती गं. मला खरंच तसं वाटलं."

तिने हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"बाहेर कुणी विचारलं, तर मी सांगेन की माझ्या भावाने बरोबर केलं," ती उठत म्हणाली. "तुला ज्यांची काळजी होती, तीही माणसंच. ते मला कळतं. पण घरात मला हे विचारू नकोस."

सकाळी बारक्या लवकर उठून बसला. रात्रभर त्याच्या मनात खूप साठलं होतं. त्या बाईला भेटून यावं का, भेटून सांगावं तरी काय, आणि ताई, मी चुकलो, एवढं तरी. ती दाराशी गेली तसा तो खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

ताईने खाली वाकून एक चप्पल घातली, मग दुसरी. पिशवी खांद्याला अडकवली. बारक्या वाट बघत होता. तिने दार उघडलं, बाहेर गेली, आणि हळूच ओढून घेतलं.